पालेखची डबी

आईच्या कपाटातील वस्तूंची वाटणी करण्याचा प्रसंग आला, तेव्हा आमच्यात आणि ताईत वाद होईल असे कोणालाच वाटले नव्हते. दागिने असे फार नव्हतेच. साड्या ताईने घ्यायच्या आणि पुस्तके आम्ही, हे न बोलताच ठरलेले होते. वाद झाला तो एका डबीवरून. वीतभरही लांब नसलेली, कागदी पुठ्ठ्याची, बाहेरून काळीभोर आणि आतून लाल अशी ही डबी. झाकणावर तीन घोडे जोडलेली एक गाडी चौखूर उधळलेली आहे. आई या डबीत सुया, दोऱ्याची रिळे, हुक आणि सुटी बटणे ठेवीत असे. ही डबी आता काचेच्या कपाटात, उन्हापासून दूर ठेवली पाहिजे, असे आमचे म्हणणे. ताईने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तू ती कपाटात ठेवशील आणि तिच्यावर लेख लिहिशील. मला तिच्यात सुया ठेवायच्या आहेत."

लेखाचा हा टोमणा आमच्या वर्मी का लागला, याला एक जुना इतिहास आहे. तो सांगायचा तर आधी डबीच्या गावाला जाऊन यावे लागेल.

डबी आणली मामाने. पोलाद कारखान्यातील नोकरीमुळे तो १९७७ साली प्रशिक्षणासाठी सोव्हिएत रशियात गेला होता. आमच्या पिढीच्या अनेक मराठी घरांप्रमाणे आमच्याही घरी मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची स्वस्त आणि सुरेख पुस्तके होती. झाकणावरचे घोडे त्याच पुस्तकांतून पळून आलेले आहेत, अशी आमची बालपणी समजूत होती. घोड्यांच्या पायांशी, झाकणाच्या अगदी कडेला, सोनेरी रंगात काही बारीक नक्षी होती. पुढे महाविद्यालयात असताना हौसेने रशियन लिपी गिरवू लागलो, तेव्हा ध्यानात आले की ती नक्षी नव्हे, अक्षरे आहेत. डावीकडची पाच अक्षरे लावली तर शब्द निघाला 'पालेख'. हे कोणा चित्रकर्तीचे नाव असावे असे आम्हांस वाटले, आणि काही दिवस आम्ही त्या अज्ञात स्त्रीविषयी पुष्कळ कल्पनाही केल्या. आमच्या शिक्षकांनी हसून सांगितले, की बाई नव्हे, ते गाव आहे.

मॉस्कोच्या ईशान्येस इव्हानोव्हो नावाचे कापडगिरण्यांचे शहर आहे. तेथून पूर्वेला सुमारे ६५ किलोमीटरवर हे पालेख. शेती बेताची, हिवाळा दीर्घ आणि गावाचा धंदा आयकॉन रंगवण्याचा. आयकॉन म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरांत आणि चर्चमध्ये पूजिली जाणारी, लाकडी फळीवर अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी काढलेली पवित्र चित्रे. अठराव्या शतकापर्यंत पालेखची स्वतःची अशी शैली सिद्ध झाली होती. एका फळीवर संताच्या आयुष्यातील डझनावारी प्रसंग नखाएवढ्या आकृत्यांतून मांडावेत आणि तरीही गर्दी वाटू नये, ही त्या शैलीची ख्याती. १८१४ साली वायमारला बसलेल्या गटेने सुझदाल परिसरातील आयकॉन चित्रकारांविषयी चौकशी केली, तेव्हा रशियातून आलेल्या उत्तरात पालेख आणि शेजारचे खोलुय या गावांचा उल्लेख होता.

या धंद्यातील श्रमविभागणी मात्र आम्हांस फार विलक्षण वाटते. एक चित्र एकाने पुरे करायचे नाही. चेहरा, हात आणि पाय रंगवणारा तो 'लीचनिक'. 'लीक' म्हणजे संताचे मुखमंडल, त्यावरून हे नाव. बाकीचे सगळे, म्हणजे वस्त्रे, डोंगर, वाडे, झाडे, घोडे रंगवणारा तो 'दोलीचनिक', चेहऱ्याच्या आधीचे काम करणारा. पोरवयात शिकाऊ म्हणून आलेल्या मुलाच्या हाताचा कल पाहून त्याची वाट ठरे, आणि बहुधा ती आयुष्यभर बदलत नसे. मॅक्सिम गॉर्की पोरगा असताना निझ्नी नोवगोरोदच्या एका आयकॉन कारखान्यात उमेदवारी करीत होता. तेथील कंटाळा, दारू आणि तुकड्यातुकड्यांनी केलेल्या चित्रकामाचा वीट यांचे त्याने केलेले वर्णन वाचले, की 'परंपरा' हा शब्द उच्चारताना जीभ जराशी अडखळते. परंपरा ही पुष्कळदा पोटासाठी रोज दहा-बारा तास वाकलेली पाठ असते, हे आपण विसरतो.

पालेखच्या पोटावर पाय क्रांतीने दिला, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. पहिला घाव यंत्राचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोतील जाको आणि बोनाकेर यांच्या कारखान्यातून पत्र्यावर छापलेले स्वस्त, चकचकीत आयकॉन बाजारात आले आणि हाताने रंगवणाऱ्यांचे गिऱ्हाईक तुटू लागले. प्रकरण इतके वाढले की १९०१ साली झार दुसरा निकोलस याने रशियन आयकॉन चित्रकलेच्या रक्षणासाठी एक समितीच नेमली. कोंदाकोव्ह या मोठ्या अभ्यासकाने त्या कामात पुढाकार घेतला आणि पालेख, खोलुय, म्स्त्योरा येथे शिकवणीच्या कार्यशाळा निघाल्या. राजाश्रयाने यंत्राला थोपवावे, हा जुनाच भाबडा उपाय. पुढे १९१७ आले. राजा गेला, समिती गेली आणि देवही सरकारदरबारी नकोसा झाला. ज्यांची बोटे केसाएवढी रेष काढण्यात तयार झाली होती, ती माणसे शेतीकडे वळली, झाडाच्या सालीचे जोडे विणू लागली, लाकडी खेळणी रंगवू लागली.

यांतच इव्हान गोलिकोव्ह होता. पेशाने दोलीचनिक. त्याने काही काळ गावोगावच्या नाट्यगृहांचे पडदे रंगवून गुजराण केली. पुढे तो मॉस्कोत आपला नातलग ग्लाझुनोव्ह याच्याकडे आला. तेथील हस्तोद्योग संग्रहालयात त्याने फेदोस्किनो गावच्या काळ्या लाखेच्या डब्या पाहिल्या. त्यांवरील चित्रे तैलरंगातील, छायाप्रकाश दाखवणारी, युरोपीय वळणाची. हीच काळी पाठ आणि आपला बलकातला रंग यांचा मेळ घातला तर, असे त्याच्या मनात आले. सांगतात की त्याला कोरी डबी मिळेना, तेव्हा फोटो धुण्याच्या कागदी लगद्याच्या थाळीचा तळ घेऊन त्याने त्यावर पहिले चित्र काढले. विषय होता स्वर्गातला आदम. संग्रहालयातील जाणत्यांना ते आवडले, काम मिळू लागले. आणि ५ डिसेंबर १९२४ रोजी पालेखमध्ये सात चित्रकारांनी मिळून एक सहकारी मंडळी काढली. तिचे नाव त्यांनी ठेवले 'प्राचीन चित्रकलेचे आर्टेल'. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात या डब्यांना पारितोषिके मिळाली. म्स्त्योरा आणि खोलुय यांनीही १९३०च्या दशकात हाच मार्ग धरला.

आता आमच्या लेखाविषयी. वयाच्या तेविसाव्या वर्षी आम्ही एका अनियतकालिकात 'लाखेतली लोककला' अशा मथळ्याचा एक खरमरीत लेख लिहिला होता. तेव्हा आम्ही मालेविचचे भक्त होतो. १९१५च्या डिसेंबरात पेत्रोग्रादच्या प्रदर्शनात मालेविचने आपला 'काळा चौकोन' भिंतींच्या वरच्या कोपऱ्यात टांगला होता. रशियन घरात ती जागा आयकॉनची. देवाच्या जागी काळे शून्य ठेवण्याचे हे धैर्य कोठे, आणि देव गेला म्हणून त्याच्या जागी परीकथा, नाचणाऱ्या पोरी आणि ट्रॅक्टर रंगवणारे हे पालेखवाले कोठे, असा आमचा सवाल होता. ज्यांनी श्रद्धा सोडली पण कुंचला सोडला नाही, त्यांना आम्ही 'हातांचे गुलाम' म्हटले. पुराव्यादाखल आईच्या डबीचे वर्णन केले आणि तिला 'परदेशी पाहुण्यांसाठी काढलेली गोडगोजिरी खोटी आठवण' ठरवून मोकळे झालो.

आईने तो लेख वाचला. तिने विचारले ते इतकेच: "घोडे वाईट आहेत का रे?"

आम्ही म्हणालो, "घोडे चांगले आहेत गं. विचार वाईट आहे."

तिने मान डोलावली, डबी उघडून सुई काढली आणि दोरा ओवू लागली. विषय तेथेच संपला. लेख तिने नीट घडी घालून ठेवला होता, हे आम्हांस तिच्या पश्चात, त्याच कपाटात कळले.

त्या लेखातील प्रत्येक वाक्य चुकीचे होते असे आजही आम्ही म्हणणार नाही. पालेखच्या कारागिरांनी राजवटीला हवे ते पुष्कळ रंगवले. राजवटीने त्याची परतफेड कशी केली तेही पाहण्यासारखे आहे. आर्टेलच्या संस्थापकांपैकी एक आणि पुढे तिचे अध्यक्ष झालेले अलेक्झांडर झुबकोव्ह यांना १९३७च्या धरपकडीत अटक झाली आणि ते परत आले नाहीत. ज्यांना आम्ही सोयिस्कर तडजोडीचे मानकरी ठरवले, त्यांची तडजोड इतकी सोयिस्कर नव्हती. पण आमची खरी चूक वेगळीच होती. आम्ही डबीवर लेख लिहिला, पण डबी कधी पाहिलीच नव्हती.

पाहणे म्हणजे काय, ते आम्हांस डबी कशी घडते हे समजून घेताना कळले. पुठ्ठ्याचे थर खळीने एकावर एक चिकटवून, दाबून वाळवतात. मग ते जवसाच्या गरम तेलात मुरवून भट्टीत तापवतात, तेव्हा ते लाकडासारखे टणक होतात. त्यावर लेप आणि लाख चढते. बाहेर काळी, आत तांबडी. चित्रकार प्रथम पांढऱ्याने आकृत्यांची बैठक घालतो, कारण काळ्यावर रंग थेट दिला तर तो विझून जातो. मग पातळ रंगांचे थर. रंग अंड्याच्या बलकातले, कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा आणि बहुधा स्वतः बांधलेला. शेवटी सोने. सोन्याचा वर्ख डिंकात बोटांनी घोटघोटून त्याचा रंग करायचा, त्याने केसासारख्या रेषा ओढायच्या आणि त्या लांडग्याच्या दाताने घासून उजळायच्या. मग पुन्हा लाखेचे थर आणि पुन्हा घोटाई. फळीच्या जागी पुठ्ठा आला आणि वर लाख आली एवढे सोडले, तर कुंचल्याची यातील बहुतेक क्रिया संतांची वस्त्रे रंगवणाऱ्यांचीच आहे. आयकॉनमध्ये वस्त्रांच्या घड्यांवर सोन्याच्या रेषा असत, त्या पार्थिव उजेडाच्या नव्हेत, दैवी तेजाच्या खुणा म्हणून. गोलिकोव्हच्या घोड्यांच्या आयाळीवर त्याच रेषा आल्या.

येथे आमचे डोळे उघडले. आयकॉनची पार्श्वभूमी पुष्कळदा सोन्याची असते. तिच्यात रात्र नसते, सावली नसते. आकृत्या उजेडाच्या आत उभ्या असतात. डबीवर हे नेमके उलटे झाले. पाठ काळी झाली, आणि जे सोने सगळीकडे होते ते आक्रसून केवळ रेषेत उरले. ज्यांचे देव्हारे मोडले, त्यांनी आपल्या चित्रांतला उजेड असा काळोखावर, रेषेरेषेने पुन्हा मांडला. हे त्यांनी ठरवून केले असे आम्ही म्हणत नाही. त्यांना डब्या विकायच्या होत्या आणि मुलाबाळांना भाकरी घालायची होती. परंतु मालेविचचा काळा चौकोन आणि गोलिकोव्हची काळी डबी यांत दहा वर्षांचेही अंतर नाही. दोघांच्याही मागे आयकॉनचीच रिकामी जागा आहे, हे आम्हांस तेविसाव्या वर्षी दिसायला हवे होते.

आणखी एक गोष्ट. गोलिकोव्हच्या डब्यांवर लढाया आहेत, तीन घोड्यांच्या गाड्या आहेत, हिमवादळे आहेत, कापणी आहे. घोडे लाल असतात, कधी निळे असतात, आणि सगळे चित्र एका भोवऱ्यात सापडल्यागत फिरत असते. माणसांचे चेहरे मात्र त्या वेगात जवळजवळ नाहीसे होतात. दोलीचनिकाचाच हा हात. ज्याला चेहऱ्याला स्पर्श करण्याची मुभा नव्हती, ज्याच्या वाट्याला नेहमी कडेचे डोंगर आणि घोडे आले, त्याने कडेचेच सगळे मध्यभागी आणले. १९३४ साली गॉर्कीच्या पुढाकाराने ईगोरच्या सैन्याविषयीच्या मध्ययुगीन रशियन काव्याची सचित्र आवृत्ती निघाली. तिची चित्रे तर त्याने काढलीच, पण सबंध काव्यही स्वतःच्या हाताने लिहून काढले. १९३७ साली तो गेला.

मग चेहऱ्याचे काय झाले? त्याचे उत्तर पालेखच्याच दुसऱ्या एका सुपुत्राकडे आहे. पावेल कोरिन १८९२ साली तेथल्याच आयकॉन चित्रकारांच्या घरात जन्मला. १९२५ साली मॉस्कोत कुलगुरू तीखोन यांच्या अंत्यविधीला लोटलेली गर्दी त्याने पाहिली, आणि त्या मावळत्या श्रद्धावंतांचे एक विराट चित्र काढण्याचे मनात घेतले. बिशप, साध्वी, अंध भिकारी अशा कितीएक जणांची मोठमोठी व्यक्तिचित्रे त्याने त्यासाठी तयार केली. चेहरे असे, की समोर उभे राहवत नाही. 'मावळता रशिया' हे नाव गॉर्कीने सुचवले. भिंतीएवढा कॅनव्हास ताणून तयार झाला. तो कोरा राहिला. १९६७ साली कोरिन वारला तोवर त्यावर एक रेषही उमटली नव्हती. पालेखमध्ये चेहऱ्यावाचून चित्रे होत राहिली आणि मॉस्कोत चित्रावाचून चेहरे थांबून राहिले. पालेखच्या वारशाविषयी बोलताना लोक डब्यांशी थांबतात. आमच्या मते तो कोरा कॅनव्हासही त्याच वारशाचा भाग आहे. काय वाचले ते डबी सांगते, आणि काय वाचवता आले नाही ते कॅनव्हास सांगतो.

१९९१ नंतर चक्र पुन्हा फिरले. चर्चची दारे उघडली आणि पालेखचे चित्रकार आयकॉनकडे व भित्तिचित्रांकडे परतले. लाखेच्या डब्यांनी सुमारे सत्तर वर्षे हाताला वळण ठेवले नसते, तर परतायला हातच उरला नसता. दुसरीकडे नकलांचा सुळसुळाट झाला. छापील चित्र चिकटवून वर लाख फासलेल्या, 'पालेख' अशी खोटी सही मिरवणाऱ्या डब्या बाजारात आल्या. पत्र्याच्या आयकॉनचेच हे पणतू म्हणायचे. तेव्हा परंपरा जिवंत आहे की मेली, या प्रश्नाला आमच्याकडे एका शब्दाचे उत्तर नाही. जिवंत असल्याचे तिने वेळोवेळी दिलेले दाखले आहेत, आणि प्रत्येक दाखल्याची तिने मोजलेली किंमत आहे.

असो. वाटणीच्या दिवशी आमचीही डबी खोटी तर नसेल, अशी शंका आमच्या मनात आली. ताईच्या देखतच आम्ही भिंग आणून ती पाहिली. छपाईचे ठिपके नव्हते. सोन्याची प्रत्येक रेष आरंभी टोकदार, मध्ये किंचित भरलेली आणि शेवटी पुन्हा निमुळती होती. कुंचला टेकला कोठे आणि उचलला कोठे, हे स्पष्ट दिसत होते. डावीकडे 'पालेख' शाबूत होते. उजवीकडे, जेथे चित्रकाराचे नाव असायला हवे, तेथे मात्र एक अक्षर तेवढे उरले होते. बाकीचे लाखेसकट झिजून गेले होते. भिंगाने त्या जागेकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलो, तेव्हा ताईने डबी आमच्या हातून घेतली आणि नेहमीसारखी उघडून दाखवली. उजव्या हाताचा अंगठा बरोबर त्या झिजलेल्या जागी पडला. चाळीस वर्षे आई ती डबी तशीच उघडत आली होती.

काचेचे कपाट आम्ही पुन्हा काढले नाही. डबी ताईकडे गेली. गेल्या पावसाळ्यात तिच्याकडे गेलो असता आमच्या सदऱ्याचे एक बटण तुटले, तेव्हा तिने डबी आणली, झाकणावर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "सदरा काढू नकोस, असाच उभा राहा. पण बोलू नकोस, सुई टोचेल." आम्ही मुकाट्याने उभे राहिलो. टेबलावर झाकण उताणे नव्हते, सुलटे होते, आणि तीन लाल घोडे धावत होते. ते घोडे चांगलेच आहेत, आणि हे आईला तिच्या हयातीत नीट सांगायचे राहून गेले.